भाऊ अमेरिकेतून परत येऊ शकतो. साठ दिवसांत घरच्यांनी काय तयारी करावी?

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. लहान भाऊ न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे तिथे नोकरी करायच्या व्हिसावर आहे. गेल्या आठवड्यात कंपनीने काढलं. साठ दिवसांत दुसरी नोकरी लागली तर ठीक, नाही तर बिऱ्हाड उचलायचं. त्याचा मोठा मुलगा दहा वर्षांचा, जळगावला जन्मलेला. मुलगी चार वर्षांची, ती तिकडची, म्हणून पासपोर्ट अमेरिकन.

आईने माडीवरची खोली रिकामी केली, कूलरला नव्या जाळ्या बसवल्या. अण्णांना अजून सांगितलं नाही, त्यांना बीपीचा त्रास आहे. भाऊ फोनवर केळीची कांदेबाग कशी आहे एवढंच विचारतो आणि गप्प होतो. ती शांतता मला सहन होत नाही.

मुलगी इथे कायम राहू शकते ना? शाळेचं कसं? शिवाय आमच्या बांधाला लागून दोन एकर विकायला निघालंय. भाऊ म्हणतो, "पैसे पाठवतो, माझ्या नावावर घेऊन टाक." घेऊ का?

परतलेली_जळगाव
दादा, आम्ही यातून गेलोय, म्हणून आधी तारखेचं सांगते. साठ दिवस नोकरी संपल्यापासून मोजतात, आणि त्याच्या आय-९४ वरची (तिथे कधीपर्यंत राहता येतं ती नोंद) तारीख त्याआधी येत असेल तर तीच शेवटची. बायको-मुलगा एच-४ वर (कुटुंबाच्या व्हिसावर) असतील तर त्यांचंही त्याच्यासोबतच संपतं. नव्या कंपनीने या मुदतीत अर्ज दाखल केला तर मात्र सगळ्यांना थांबता येतं. कंपनीने स्वतःहून काढलंय ना? मग त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कायद्याने कंपनीवर आहे. बायका-पोरांचा नाही. हे त्याने लेखी मागावं, लाजू नये.

मुलीसाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथे कायम राहू देणारं) किंवा व्हिसा लागतोच, नुसत्या अमेरिकन पासपोर्टवर विमानात बसू देत नाहीत. अर्ज आजच सुरू करा, नोकरी मिळाली तरी वाया जात नाही. एवढ्या लहान पोरीची सही नसते, अंगठा घेतात, आणि तो चौकटीच्या आतच उमटला पाहिजे. आम्ही आधी कोऱ्या कागदावर सराव करून घेतला होता. तिच्या जन्मदाखल्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) तिथूनच करून आणा. दोघांच्या लसीकरणाच्या नोंदी आणि मुलाची शाळेची प्रगतिपुस्तकंही घ्या. इथे बसून ते कागद मागवणं फार जिकिरीचं होतं.

निवृत्त_बँकवाला_भुसावळ
जमीन आत्ता त्याच्या नावावर घेऊ नका. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआयवाल्यालाही नाही. वारसाने मिळू शकते, ते वेगळं. तो कायमचा परत आला की निवासी होतो, तेव्हा रीतसर खरेदीखत करा. विकणारा घाई करत असेल तर करू द्या. हातातली रोकड पहिलं वर्ष घर चालवायला लागेल, मला तर ती दोन एकरपेक्षा मोलाची वाटते.

आल्यावर एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं) तसंच चालवत राहता येत नाही. डॉलर ठेवायचे असतील तर बँकेत आरएफसी खात्याचं (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं खातं) विचारा. तिकडचं ४०१(के), म्हणजे निवृत्तीच्या बचतीचं खातं, घाबरून मोडू नये. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढलं तर कराशिवाय काढलेल्या रकमेवर साधारणपणे आणखी १० टक्के दंड बसतो. ते तिथेच राहू देता येतं.

शिक्षिका_धुळे
मुलाबद्दल लिहिते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. तो घरी बोलत असेल, पण वाचता येतं का? अशी मुलं माझ्या वर्गात आली आहेत. गणितात पुढे, आणि मराठीच्या तासाला मान खाली घालून बसलेली. बघवत नाही. आजपासून रोज फोनवर बाराखडी घ्या. आणि हे काम अण्णांना द्या. म्हणजे त्यांना सांगावं लागेल, ते सांगाच. घरात सगळे दबक्या आवाजात बोलतात हे म्हाताऱ्या माणसाला कळत नाही असं समजू नका.

मुलीचं एक लक्षात असू द्या. २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय मुलांना नीटमधून (वैद्यकीय प्रवेश परीक्षेतून) एनआरआय किंवा अतिरिक्त जागाच मिळतात. ती चार वर्षांची आहे, पण आई-बापांना आत्ताच माहीत असावं.

केळीबाग_रावेर
खूप आभार. जमिनीचं थांबवलं. काल जेवताना अण्णांना सांगितलं. त्यांनी भाकर खाली ठेवली आणि म्हणाले, "मंग मले आधी काब्र नही सांगं?" आज सकाळी नातवाला 'क'पासून सुरुवात केली. जळगाववाल्या ताई, अपोस्टिल भारतीय वकिलातीत होतं का?

परतलेली_जळगाव
नाही दादा. मुलीचा जन्म ज्या राज्यातला, त्या राज्य सरकारकडूनच. आधी दाखल्याची नवी प्रमाणित प्रत काढायला सांगा, झेरॉक्सवर करत नाहीत.