आंबलेलं अंग आणि गळालेलं अवसान

कुणीतरी लिहिलंय की दमण्यासाठी मराठीत 'थकवा' आणि 'मरगळ' सोडलं तर फार शब्द नाहीत, म्हणून 'बर्नआउट' (सततच्या कामानं पार खचून जाणं) हा इंग्रजी शब्द वापरावा लागतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-इस्लामपूर भागात या, मग बोलू!

ऊसतोडीच्या हंगामात दिवसभर मोळ्या वाहून ट्रॉली भरलेला गडी संध्याकाळी 'थकलो' म्हणत नाही. 'अंग आंबलंय' म्हणतो. म्हणजे सांधे जड, पाठ ताठ, पण गडी जेवून झोपला की सकाळी पुन्हा फडात हजर. 'घाईला आलो' हे वेगळं. त्याचा गडबडीशी संबंध नाही. कामानं, माणसांनी, देण्याघेण्यानं जीव नकोसा झाला की माणूस घाईला येतो. तुमच्या बर्नआउटच्या हे बरंच जवळ जातं, असं माझं मत.

आतून रिकामं होण्यासाठी मात्र 'अवसान गळणं'ला तोड नाही. गंमत बघा, संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. मराठीत तेच धीर, बळ झालं. 'त्राण'ही तसंच, मूळ अर्थ रक्षण. आपण 'अंगात त्राण नाही' म्हणतो. 'हैराण' अरबीतून फारसीमार्गे आला, तिथं त्याचा अर्थ गोंधळलेला, चकित झालेला. आपल्याकडे येऊन तो घामाघूम झाला.

'गलितगात्र' तेवढा बातमीदारांना ठेवा, बोलताना कुणी म्हणत नाही.

साताऱ्याकडच्या मंडळींनी भर घालावी. माण-खटावकडे 'आंबणं' याच अर्थानं चालतं का?