मदत हवी आहे: सदाफुलीचा काढा, भाच्याची केमो आणि आईची समजूत

नमस्कार मंडळी,

माझा सात वर्षांचा भाचा रक्ताच्या कॅन्सरवर (ए.एल.एल., म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर) उपचार घेतोय. दर आठवड्याला शिरेतून विनक्रिस्टीन हे केमोचं औषध देतात. त्याने बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटणही त्याला नीट लावता येत नाही.

परवा आईने अंगणातल्या सदाफुलीची पानं उकळून त्याला काढा दिला. दोन घोट पोटात गेल्यावर ताईच्या लक्षात आलं. तिने तडक वॉर्डात फोन लावला. डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितला आणि रक्त तपासलं. सुदैवाने सगळं ठीक आहे.

अडचण अशी की "त्याचं औषध याच झाडातून येतं" हे आईचं म्हणणं खोटं नाही. विनक्रिस्टीन सदाफुलीतूनच मिळतं. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे संशोधक मधुमेहासाठी ही पानं तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून आधी विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती लागलं, पुढे दुसऱ्या संशोधकांना विनक्रिस्टीन. पेशी दुभंगताना आत जे धागे विणले जातात ते हे औषध विणूच देत नाही, म्हणून पेशी तिथेच अडते. पण एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि पानात इतर कितीतरी अल्कलॉइड्स (शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं) असतात. भाच्याला मिळतं जेमतेम एक-सव्वा मिलिग्रॅम, तेही उंची-वजनावरून मोजून. काढ्यात काय किती उतरलं, हे कोण मोजणार?

आता आई हळदीच्या गोळ्या आणि गुळवेलीवर आली आहे. प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन थेट ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशींवर टाकतात, त्या मरतात हे खरं. पण खाल्लेली हळद रक्तात फारच थोडी पोचते. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि पोराच्या यकृतावर केमोचा भार आधीच आहे.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग मी नुसती बघत बसू का?" त्या दिवसापासून नीट जेवत नाही.

ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांनी कृपया सांगा: आजी-आजोबांना कसं समजावलंत? पोरासाठी काहीतरी करतोय असं वाटेल, पण धोका नसेल, असं कोणतं काम त्यांच्याकडे दिलंत? आणि तिला दाखवता येईल अशी मराठीत सोपी माहिती कुणाकडे आहे का?