पहिला श्वास: आधी आत की आधी बाहेर?

शंकासुर
मंडळी, विषय फालतू आहे हे आधीच कबूल करतो, पण काल रात्री यावरून आमच्या घरात साडेअकरा ते एक असं भांडण झालंय आणि आत्ता आम्ही फक्त कामापुरतं बोलतोय, त्यामुळे माझ्यासाठी तरी सीरियस आहे. सुरुवात त्या घासून गुळगुळीत झालेल्या विनोदाने झाली, ऑक्सिजनचा शोध १७७४ ला लागला मग त्याआधी लोक काय हुंगत होते वगैरे. हसलो मी एकटाच. बायको म्हणाली ते जाऊदे, जगात ज्याने कोणी पहिल्यांदा श्वास घेतला त्याने आधी आत घेतला की आधी बाहेर सोडला? मी म्हटलं आतच, खिशात दमडी नसेल तर खर्च काय करणार. ती म्हणे छे, भरल्या डब्यात अजून कसं भरशील, आधी जागा नको का करायला. मग आम्ही दोघांनी आडवं पडून प्रयोग पण केला, पण होतं काय की प्रयोग सुरू करताना आधीचा श्वास चालूच असतो, त्याला थांब रे जरा पहिल्यापासून घेऊ असं सांगता येत नाही. कोणी जाणकार असेल तर निकाल लावा, आणि जमलं तर माझ्या बाजूने लावा.

खवचट_मावशी
दीड तास न थांबता भांडलात म्हणजे दोघांची फुप्फुसं ठणठणीत आहेत, अभिनंदन. माझं मत बायकोला. कारण विचारू नका.

नाकासमोर_चालणारा
मूळ प्रश्नाचं मला काही कळत नाही पण १७७४ ला नावं ठेवू नका, किस्सा भारी आहे. प्रीस्टली नावाचा इंग्रज पाद्री, त्याने भिंगाने ऊन पाडून पाऱ्याचं भस्म तापवलं तर त्यातून एक वायू निघाला. पुढच्या वर्षी त्यात एक उंदीर ठेवला. साध्या हवेत तेवढ्या जागेत जो पाव तास टिकला असता तो अर्धा तास झाला तरी आपला शाबूत. मग याने काय करावं, स्वतःच तो वायू ओढून बघितला! छाती हलकी हलकी वाटली म्हणे, आणि वर लिहून ठेवलं की ही चैन आजवर फक्त दोन उंदरांनी आणि मी केलीय. तर शंकासुर, त्याआधी लोक हुंगत हेच होते, फक्त नाव माहीत नव्हतं.

(शेले नावाच्या स्वीडिश माणसाला हा वायू याच्याही आधी सापडला होता पण बिचाऱ्याचं छापून यायला उशीर झाला. छापखाना, दुसरं काय.)

बेडूकउडी
अहो 'ज्याने कोणी पहिल्यांदा' इथेच गाडी घसरलीय. तुम्ही कोणीतरी एक गृहस्थ डोळ्यासमोर आणताय, उठला, छाती फुगवली, वा मस्त आहे म्हणाला. तसं काही नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जिवांनी टाकलेला कचरा म्हणून, आणि तेव्हाच्या बऱ्याच जिवांना तो चक्क विष होता. काहींनी विचार केला (केला नाही, पण समजा) की कचरा येतोच आहे तर वापरून टाकू. पण त्यांना ना नाक ना छाती, अंगातूनच झिरपायचा, मग आधी काय नि नंतर काय. आत-बाहेरचं भांडण पिशवी, म्हणजे फुप्फुस, आल्यावरचं. ती आली माशांना, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातून वर येऊन हवा गिळणाऱ्या. फुप्फुस आधी आणि बऱ्याच माशांना तरंगायला जी पिशवी असते ती नंतर, त्याच्यातूनच निघालेली. डार्विनला हे बरोबर उलटं वाटलं होतं, म्हणजे आधी कोण यावर घोळ घालणारे तुम्ही दोघंच नाही.

डबल_ड्युटी
नर्स आहे, नाइट संपवून टाइप करतेय, चुका पोटात घाला. कोटी वर्षं कशाला, दर बाळाचा पहिला श्वास असतोच की. पोटात असताना फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं, आणि बाळ तिथे छाती हलवून रंगीत तालीम करत असतं. बाहेर आल्यावर पहिला श्वास आत, मग ट्यॅहँ. रडणं म्हणजे बाहेर, म्हणजे आधी आत. ते पाणी पण सगळं बाहेर ओकत नाही, बरंचसं अंगातच शोषलं जातं.

पण ताई पण चूक नाहीत हां. आपण हवा खेचतो असं वाटतं, खरं तर छातीखालचा पडदा खाली सरकतो, बरगड्या फाकतात, आत जागा होते आणि हवा आपोआप शिरते. म्हणजे जागा आधी, हवा नंतर. आणि मोठ्या माणसाने कितीही जीव खाऊन श्वास सोडला तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा आत राहतेच. घराचं डिपॉझिट समजा, भाडेकरू असेपर्यंत परत मिळत नाही.

बेडूकउडी
माझ्या नावाला जागून एक पुरवणी. बेडकाला तो पडदाच नसतो, तो हवा तोंडात घेऊन घशाने आत ढकलतो. म्हणजे जागा असो नसो, कोंबा. शंकासुर, तुमची थिअरी बेडकाची आहे.

खवचट_मावशी
आणि भाषा बघा की जरा. श्वास 'घेतात', पण उसासा नेहमी 'टाकतात', सुस्कारा 'सोडतात'. उसासा घेतला असं कोणी म्हटलेलं ऐकलंय? म्हणजे बाहेरचं खातं आमच्या ताब्यात आहे. बायकोला अजून एक मत.

शंकासुर
सगळं तिला वाचून दाखवलं. जागा आधी इथपर्यंत आल्यावर ती म्हणाली हेच तर मी काल सांगत होते. मी म्हटलं तू श्वास सोडून जागा करायची म्हणत होतीस, हे पडदा सरकवून आहे, फरक आहे. बेडकाचं मी वाचलंच नव्हतं, तिने खांद्यावरून वाकून वाचलं. मग तिने माझ्याकडे बघून एक मोठ्ठा उसासा टाकला.

आणि मावशी, मी नीट बघितलं, टाकायच्या आधी तिने तो आत घेतला होता. चांगला भरपूर. पण बोललो नाही काही.