बी विंग पार्किंगमधली हेल्मेट चोरी : सोसायटी ग्रुप

बी-५०३ (सकाळी ७.५०)
नमस्कार मंडळी. काल रात्री बी विंगच्या पार्किंगमधून आमच्या मुलीचं हेल्मेट गेलं. काळं, फुल फेस, मागे पिवळा रेडियमचा पट्टा आहे. कोणाकडे चुकून आलं असेल तर कृपया कळवा. गाडी लिफ्टच्या डावीकडे, खांबाला लागून उभी असते.

ए-१०२
अरेरे. वहिनी, आरशाला अडकवलं होतं का?

बी-५०३
नाही ओ दादा. सीटखालच्या हुकात पट्ट्याची कडी अडकवून सीट लॉक केली होती. सकाळी सीट उघडली तर हुकात कडी आणि चार बोटं पट्टा तेवढा राहिलाय. धागे ओढल्यासारखे नाहीत, सरळ काप आहे. ब्लेड नाहीतर कटर वापरलंय. फोटो टाकते.

सी-२०४
बापरे! म्हणजे लॉक करूनही गेलं. पण पट्टा नसलेलं हेल्मेट त्याच्या काय कामाचं?

बी-५०३
तेच कळत नाही. आज तिला साडेसातचा क्लास होता. "एक दिवस जाते तशीच" म्हणाली, मी नाही जाऊ दिलं. रिक्षाने गेली. मला हजार-दोन हजारांचं तितकं वाटत नाही, पण असं हेल्मेट गेलं की पोरं दोन-चार दिवस तशीच फिरतात, त्याची भीती वाटते.

बी-३०१
दिवसभर ती डिलिव्हरीवाली पोरं आत-बाहेर करतात. त्यांना गेटवरच अडवा. सगळं तिथूनच होतंय.

सेक्रेटरी
वहिनी, वाईट वाटलं. रात्री ११ ते सकाळी ६ चं फुटेज मी आणि खजिनदार आत्ता बसून बघतोय. एक आधीच सांगतो, बी विंगचा कॅमेरा रॅम्प आणि लिफ्टचं दार दाखवतो, खांबामागची रांग त्यात येत नाही. फुटेज बघून होईपर्यंत कृपया कोणाचं नाव घेऊ नका.

सी-२०४
३०१ काका, राग मानू नका, पण मागच्याच महिन्यात आपल्या गेटवरून एका डिलिव्हरीवाल्या मुलाचंच हेल्मेट गेलं. तो पार्सल द्यायला आमच्या मजल्यावर आला होता, खाली जाऊन बघतो तर गाडीवर हेल्मेट नाही. पावसात तसाच गेला बिचारा. आणि रात्री तीन विंगांना मिळून वॉचमन एकच, पाण्याची मोटरही तोच चालू-बंद करतो. त्याने खांबामागे काय बघायचं?

बी-३०१
बरं. माझं म्हणणं एवढंच की बाहेरच्या माणसाची नोंद व्हावी.

ए-४०२
वहिनी, तक्रार मात्र द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरी कलम ३०३ मध्ये येते. ऐवज ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र धरतात. त्यामुळे चौकीत एफआयआर न घेता एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका, कायद्यातच तसं आहे. अशा प्रकरणात पोलिसांना तपास करायचा तर मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. तरी एनसीची प्रत घ्याच. उद्या कोणी सापडला तर ती वस्तू तुमची, हे दाखवायला बिल आणि हा कागद उपयोगी पडतो. आणि पोलिसांच्या ऑनलाइन 'हरवले' वाल्या पानावर हे टाकू नका, ते हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. हे हरवलेलं नाही, चोरलेलं आहे.

बी-५०३
थँक्यू ताई. बिल आहे. संध्याकाळी ऑफिसातून येताना चौकीत जाते.

ए-७०१
मी उशिरा वाचलं. थोडं सविस्तर लिहितो, सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. माझी नोकरी टू-व्हीलरच्या वर्कशॉपमध्ये झाली. अशी कापलेल्या पट्ट्याची हेल्मेटं घेऊन लोक यायचे आणि "नवीन पट्टा शिवून द्या" म्हणायचे. आम्ही कधी दिला नाही. पट्टा आतून कवचाला रिवेटने बसवलेला असतो, गाडी पडताना हेल्मेट डोक्यावर धरून ठेवायचं काम तोच करतो. वरून शिवलेला तुकडा त्या झटक्यात टिकेल याची खात्री कोण देणार? पण चोराला त्याचं काय. तो तसंच घालतो किंवा पट्टा जोडून कोणाला तरी विकतो. म्हणून जुनं हेल्मेट कितीही स्वस्त मिळालं तरी कोणी घेऊ नका. ते कुठून आलं, आधी किती वेळा आपटलंय, बाहेरून काही कळत नाही. आतला थर्माकोल एकदा दबला की परत उभा राहत नाही.

आता लॉकचं. बऱ्याच स्कूटरना सीटखाली बिजागरीपाशी दोन हुक असतात, काही मोटारसायकलींना किल्लीचं हेल्मेट लॉक असतं. दोन्हीकडे आपण पट्टाच अडकवतो. येता-जाता सहज उचलणाऱ्याला तेवढं पुरतं. ब्लेड घेऊन आलेल्याला पुरत नाही, पट्टा शेवटी कापडीच. त्यामुळे कवच बांधा. फुल फेस असेल तर केबल लॉक घ्या. त्याची वायर काचेच्या बाजूने आत घालून हनुवटीखालच्या पट्टीला वळसा देऊन खालून बाहेर काढा आणि गाडीच्या मागच्या हँडलला नाहीतर साडीगार्डला अडकवा. आता नुसतं ब्लेड चालत नाही, हेल्मेट फोडावं लागेल किंवा वायर तोडावी लागेल. सुतळीएवढी वायर पकडीनेही तुटते, म्हणून करंगळीएवढी जाड घ्या, वर प्लास्टिकचं आवरण असलेली, म्हणजे रंग घासत नाही. नंबर लॉक घेतलं तर कंपनीचा ००० तसाच ठेवू नका.

वायर चाकातून मात्र कधीही घालायची नाही. सकाळच्या घाईत विसरलात आणि गाडी काढली की ती चाकात गुंडाळली जाते. तसंच हेल्मेट हुकाला बाहेर लटकवलेलं असताना गाडी चालवू नका, अगदी गल्लीच्या टोकापर्यंतही नाही.

सी-२०४
काका, आमची हाफ फेस आहेत. त्यांना हनुवटीची पट्टीच नाही.

ए-७०१
मग वायर अडकवायला पट्ट्याशिवाय काही उरत नाही. हाफ फेस डिकीत बसत असेल तर डिकीत, नाहीतर सरळ वर घरी न्यायचं. खरं तर पुढच्या वेळी फुल फेसच घ्या. हनुवटी आणि जबडा उघडा राहू नये असं मला फार वाटतं.

ए-१०२
माझ्या हेल्मेटच्या पट्ट्याला कडीच नाही, ते टक् आवाज होणारं बक्कल आहे. हुकात अडकतच नाही.

ए-७०१
बरोबर, दोन कड्यांचा पट्टा असेल तरच कडी हुकात जाते. दातेरी बक्कल असलं की हुक निरुपयोगी. म्हणून लोक आरशाला टांगतात. त्यात चोरी तर होतेच, शिवाय आरशाच्या टोकाने आतला थर्माकोल दाबला जातो. तुम्हीही केबलच घ्या.

बी-५०३
काका, मी बरेचदा तिच्या मागे बसते, तेव्हा दोन हेल्मेटं होतात. डिकीत एकही नीट बसत नाही. मंडईत गेलो की दोन्ही हातात घेऊन भाजी घ्यावी लागते. खरं सांगू, त्यामुळेच मागे बसताना घालायचा कंटाळा येतो.

ए-७०१
वहिनी, कंटाळा करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही तितकंच लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पडताना मागचा माणूसही फेकला जातो. एकच लांब केबल घ्या, दोन्ही हेल्मेटांतून ओवून मागच्या हँडलला. हेल्मेटं सीटवर उलटी ठेवू नका, पावसाचं पाणी भरतं. तोंड खाली आणि सायलेन्सरपासून लांब, तापलेल्या सायलेन्सरला टेकलं तर काच आणि पट्टा दोन्ही जातात.

१ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा केवढा विरोध झाला, आठवत असेल. त्यात "हेल्मेट ठेवायचं कुठे?" हा प्रश्न सगळीकडे होता. मी हेल्मेटच्या बाजूचा, पण तो प्रश्न मला तेव्हाही खरा वाटला आणि आजही वाटतो. ठेवायला जागा नसली की माणूस "जवळच तर जायचंय" म्हणतो आणि हेल्मेट घरीच राहतं. शहराचं आपल्या हातात नाही, पण आपलं पार्किंग तर आपलंच आहे. तिथे सोय करूया.

सेक्रेटरी
फुटेज बघून झालं. रात्री २ च्या सुमारास रॅम्पवर एक माणूस दिसतो, चेहरा झाकलेला, परत जाताना हातात पिशवी. बाकी काही सांगता येत नाही. क्लिप फक्त वहिनींना देतोय, पोलिसांना दाखवायला. ग्रुपवर टाकणार नाही, उगाच कोणावर तरी संशय जातो. काका, सोय म्हणजे नेमकी काय, तेही सांगा.

ए-७०१
दुचाकींच्या रांगेमागची भिंत मोकळी आहे. तिथे छातीच्या उंचीवर जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बसवायचा आणि त्याला जागोजागी वेल्डिंगने बंद कड्या लावायच्या. कड्यांवर फ्लॅट नंबर. केबल आणि कुलूप ज्याचं त्याने आणायचं. किल्ली वॉचमनकडे ठेवायची नाही, म्हणजे त्याच्यावर काही येणार नाही.

बी-३०१
त्यापेक्षा दारवाले लॉकर करा ना. धूळही बसणार नाही.

खजिनदार
लॉकरचा खर्च बराच होईल काका. शिवाय बंद लॉकरमध्ये घरातली अडगळ येऊन पडते, सायकलच्या खोलीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. आणि पावसाळ्यात बंद जागेत ओलं हेल्मेट ठेवलं तर अस्तराला बुरशी धरते. पाइपला माझी सहमती. फक्त फायरचा होजरील (आग विझवायच्या पाइपचं रीळ) आणि मीटरची खोली दोन्हीकडून मोकळी सोडायची, तिथे एकही कडी नको.

ए-४०२
सहमत. कमिटीत ठराव घ्या आणि मिनिट्समध्ये लिहा.

ए-१०२
सहमत. कॅमेराही खांबामागे वळवता येईल का?

सेक्रेटरी
एकाच कॅमेऱ्याने दोन्ही होणार नाही. एक जास्तीचा बसवायला कोटेशन मागवतो. तोपर्यंत खांबामागची ट्यूब आजच बदलून घेतो, ती पंधरा दिवस लुकलुकतेय.

बी-३०१
चालेल, पाइप करा. वहिनी, आमच्याकडे मुलाचं जुनं हेल्मेट पडून आहे, लेकीला तोवर घालू दे.

ए-७०१
३०१, मनापासून दिलंत, पण आधी ते बघू द्या. कधी आपटलंय का, थर्माकोल कोरडा पडून चुरा होतोय का, ते तपासून सांगतो. संध्याकाळी खाली आणा. आणि नवीन घेताना रस्त्याच्या कडेचं तीनशे रुपयांचं घेऊ नका. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. मागे आयएस ४१५१ हा आकडा आणि मार्काखाली परवाना क्रमांक बघून घ्या. डोक्यावर घालून पट्टा लावा आणि मागून पुढे ढकलून बघा. निघून आलं तर माप मोठं आहे.

बी-५०३
नक्की काका. शनिवारी तिला घेऊनच दुकानात जाते, आणि केबलही त्याच दिवशी. तिचे बाबा म्हणतात, मागे बसायला मलाही नवीन घ्यायचं.

सेक्रेटरी
छान. ठराव बुधवारच्या कमिटीत घेतो. रविवारी सकाळी १० वाजता फॅब्रिकेटर माप घ्यायला येतोय. ज्यांना कड्या हव्यात त्यांनी विंग, फ्लॅट आणि किती हेल्मेटं ते इथेच लिहा. गाडी एक असली तरी मागे बसणाऱ्याची कडी धरा.

बी-५०३
बी ५०३, दोन.

ए-१०२
ए १०२, दोन.

सी-२०४
सी २०४, तीन. आणि सेक्रेटरी साहेब, गेटजवळ डिलिव्हरीवाल्या मुलांसाठीही दोन कड्या ठेवा, खर्च माझ्याकडे लावा.

बी-३०१
बी ३०१, एक. गेटच्या कड्यांचे अर्धे माझ्याकडे.