घरोघरी शोषखड्डा की गावभर बंदिस्त गटार? (तीन हजार वस्तीच्या गावासाठी; टोपणनावांनी झालेली चर्चा)

मुरूमवाला
सरळच बोलतो. घराभोवती जागा आहे आणि खाली मुरूम लागतो, अशा गावात ग्रामपंचायतीनं गटारीवर एक रुपयाही घालू नये. नळयोजना माणशी ५५ लिटर धरते, म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. पिणं, स्वयंपाक, शौचालय वजा केलं की मोरी, भांडी आणि कपड्यांचं साधारण १९० लिटर बाहेर पडतं. बारा-तेरा हंडे पाणी. ते आवारातच जिरत असेल तर गावभर फिरवून ओढ्यात सोडायचं कशाला?

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीमुळं गाजलेला टाकीचा शोषखड्डा (मॅजिक पिट) असा करतात: ४×४×४ फुटांचा खड्डा, तळाला मोठे दगड, मधोमध २ फूट व्यासाची, अडीच फूट उंचीची सिमेंटची टाकी. टाकीला वरच्या अंगाला चार बाजूंनी चार भोकं. भोवती खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर गोणपाट किंवा प्लास्टिक आणि मग माती. राख, शितं, माती टाकीच्या तळाला बसते आणि निवळलेलं पाणी भोकांतून दगडांत जातं. साध्या शोषखड्ड्यात गाळ थेट दगडांत शिरायचा, म्हणून तो वर्ष-दोन वर्षांत तुंबायचा. टाकीचं झाकण मात्र मातीखाली गाडू नका. गाळ काढायचाच आहे.

काळीमाती
हंड्यांचा हिशेब बरोबर, जमिनीचा कुठाय? खड्ड्याचा तळ लवकरच बुळबुळीत होऊन बंद पडतो, म्हणून जिरवण फक्त भिंतींची धरायची. पाइप वरून फूटभर खाली येतो, म्हणजे भिंत उरली ३ फूट, आणि चारी बाजू मिळून सुमारे ४.४ चौरस मीटर. सांडपाणी मोकळ्या मुरमात चौरस मीटरला दिवसाला २५-३० लिटर जिरतं. म्हणजे तुमचा खड्डा ११० ते १३० लिटर घेतो. चिकण काळ्या मातीत १० लिटरही नाही. तिथं ४४ लिटर जिरणार आणि उरलेले दीडशे रस्त्यावर.

वर साबण-सोड्यातलं सोडियम. त्यानं काळ्या मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. पहिल्या वर्षी चाललेला खड्डा तिसऱ्या वर्षी हौद होतो तो यामुळंच. चार फुटांखाली कातळ लागला तर बोलायलाच नको.

मुरूमवाला
मान्य, ४×४ सगळीकडं पुरत नाही. मुरमातही पाच माणसांच्या घराला सहा फूट रुंद घ्या, नाहीतर दोन खड्डे. पण काळी माती वरचे तीन-चार फूट असेल आणि खाली मुरूम असेल, तर माती काढून खड्डा मुरमात उतरवा की! ते न करता "आमच्याकडं चालत नाही" म्हणणारी गावं बरीच आहेत.

गायरान
उतरवा, पण खाली पाण्याची पातळी किती? तळ आणि पावसाळ्यातलं भूजल यात २ मीटर अंतर नसेल तर शेजारच्या आडात मोरीचंच पाणी जाणार. आणि जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते. सहा फूट खड्डा काय माजघरात खणायचा?

अशा ठिकाणी बंदिस्त गटार आणि गावाखाली स्थिरीकरण तळं (सांडपाणी काही दिवस साठवून निवळवणारं). ३००० लोकांचं माणशी ३८ लिटर धरलं तर दिवसाला ११४ घनमीटर. आठ-नऊ दिवस साठवलं तर हजारेक घनमीटर. दीड मीटर खोलीनं पाण्याखाली साधारण ७ गुंठे, बांध-वाट धरून १२ ते १५ गुंठे. गायरानात एवढं मिळतं. वीज नाही, पंप नाही. आधी छोटं गाळाचं कुंड, मग एकाआड एक दोन-तीन तळी. ऊन आणि शेवाळ काम करतं. बाहेर पडणारं पाणी चाऱ्याला द्या, पालेभाजीला नको.

झाकण_चोरीला
कागदावर झकास. प्रत्यक्षात मरतं ते गटार, तळं नव्हे. वीस घरांच्या गल्लीत दिवसाला पावणेचार हजार लिटर पाणी, तेही सकाळच्या दोन-तीन तासांत. १५० मिमीच्या पाइपात एवढ्याशा धारेनं माती, राख पुढं सरकत नाही. किमान १०० मीटरला ६० सेंटीमीटर उतार हवा. ठेकेदार लेव्हल न लावता चर खणतो, मधे एखादी खोलगट जागा राहते आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथं पाइप चोंदतो. मग कुणीतरी चेंबर फोडून पाणी रस्त्यावर सोडतं, की पुन्हा उघडं गटार. प्रत्येक घराच्या तोंडाशी जाळी आणि गाळकुंडी नसेल तर पाइप टाकूच नका. वळणावर चेंबर हवंच, सरळ रेषेतही ३० मीटरच्या आत.

आणखी एक. आधी गटार, मग सिमेंट रस्ता. आपल्याकडं उलटं होतं. रस्ता उंच होतो, मोरी खाली जाते आणि पाणी चढणार कुठून?

मैलागाडी
सगळे मोरीवर भांडताय. शौचालयाच्या टाकीचा आउटलेट कुठं जोडलाय ते कुणी पाहिलं का? बहुतेक गावांत तो गुपचूप गटारीतच असतो. मग ते नुसतं सांडपाणी राहत नाही, तळ्याचा हिशेब बदलतो आणि चाऱ्याला पाणी देण्याची गोष्टही सोडावी लागते. टाकीच्या शोषखड्ड्यात तर हे पाणी कधीच सोडू नये.

पाच माणसांना सेप्टिक टँक दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली इतका पुरतो. आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात हेच माप आहे. लोक दहा बाय दहाचा बिनतळाचा हौद बांधतात आणि "पंधरा वर्षं भरलाच नाही" म्हणून मिरवतात. भरला नाही कारण तो खालून झिरपतोय. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी ठरवून उपसायची पद्धत घातली. तक्रार येईपर्यंत थांबत नाहीत, खर्च करातून. गावांना एकट्यानं गाडी परवडणार नाही, पण जवळच्या शहराच्या मैला प्रक्रिया केंद्राशी पाच-दहा गावांनी करार करायला काय हरकत आहे?

हिशेबवही
पैशाचंही बघा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मध्ये सांडपाण्याला पाच हजारांपर्यंतच्या गावात माणशी २८० रुपये धरले होते. ३००० लोकांचे ८ लाख ४० हजार, त्यातले ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगातून (त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची). यात गावभर गटार, चेंबर आणि तळं बसवणं अवघड. खड्डे रोजगार हमीतून घेतले तर हा पैसा फक्त गावठाणातल्या दाट गल्ल्यांना उरतो. म्हणजे मिश्र करा: वाडी-वस्तीला खड्डे, गावठाणाला पाइप.

काळीमाती
मिश्र चालेल, पण कुठं काय हे ठरवायला आधी जिरवण चाचणी. जिथं पाणी जिरवायचं त्या खोलीपर्यंत फूटभर रुंद खड्डा, रात्रभर पाण्यानं भरून ठेवायचा, सकाळी वीतभर पाणी घालून २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. तिसाच्या आत असेल तर शोषखड्डा. तीस ते साठ असेल तर लांब उथळ चर. साठच्या पुढं जिरवण्याचा नाद सोडा.

मुरूमवाला
चाचणी करतातच की. आराखड्याला जोडलेली असते.

काळीमाती
मे महिन्यात केलेली असते. तेव्हा काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. रात्रभर पाणी ठेवून ती माती पुरती फुगत नाही. सकाळी ओतलेलं पाणी भेगेत गडप होतं आणि पाच मिनिटांत गाव पास. तीच जागा ऑगस्ट-सप्टेंबरात मोजा, माती फुगून भेगा मिटलेल्या असताना. तो आकडा आराखड्यात घाला, मग बोलू.