घड्याळाला अंतर नक्की ठाऊक नसेल, तर ते दोन दशांशांपर्यंत दाखवतं कशाला?

पाऊलवाट
मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवायची म्हणून सहा महिने तयारी केली. गणित सोपं होतं: ४२.१९५ किलोमीटर, चार तास, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. शर्यतभर जीपीएस घड्याळातला सरासरी पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, ५:३८ च्या आसपास होता. दर किलोमीटरला तीन सेकंद शिल्लक पडताहेत, या भरवशावर शेवटचे दहा किलोमीटर मी वेग वाढवलाच नाही. मग मनगटाशी घड्याळ थरथरलं: ४२.२ पूर्ण, वेळ ३:५७:४२. मान वर केली तर शेवटची कमान दिसतच नव्हती. अजून सहाशे मीटर बाकी होते. तेव्हा जोर लावून पाहिला, पण पाय ऐकेनात. चिपची, म्हणजे आयोजकांनी मोजलेली, वेळ आली ४:०१:०६ आणि घड्याळात अंतर ४२.८०.

घरी येऊन घड्याळाने नोंदवलेला नकाशा उघडला. उंच इमारतींमधल्या रस्त्यावर माझी रेघ एका इमारतीत शिरते, मागच्या बाजूने बाहेर पडते, रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीला टेकून परत येते. भुयारी मार्गातून बाहेर पडताना तर ती एकदम बाजूच्या गल्लीत उडी मारते.

आकाशातून येणाऱ्या सिग्नलवर चालणाऱ्या यंत्राचं मोजमाप चुकणार, हे मला मान्य आहे. पण ४२.८० मधला शेवटचा आकडा दहा मीटर सांगतो. सहाशे मीटरची चूक असताना दहा मीटरपर्यंतची खात्री दाखवायची, हे मला पटत नाही.

मोजपट्टी
सहासष्ट सेकंदांनी हुकल्याचं वाईट वाटलं. पण सगळी चूक घड्याळाच्या माथी मारू नका. शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात आणि तोही शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारामागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. ती रेषा गर्दीत कुणालाच सापडत नाही. काटकोनी वळण पाच मीटर बाहेरून घेतलंत की आठेक मीटर जास्त पडतात. अशी तीस-चाळीस वळणं आणि पाण्याच्या टेबलाकडे जाणं-येणं धरा. तुमच्या सहाशेतले निदान दोन-तीनशे मीटर तुम्ही खरोखर धावला असाल.

पाऊलवाट
हे मान्य, आणि याचा हिशोब मी आधी केला नव्हता ही चूक माझी. पण मग उरलेले तीनशे मीटर? ते इमारतींच्या भिंतींतून गेलेत, आणि तिथून मी धावले नाही.

रेडिओवेडा
त्या भिंतींबद्दल थोडं सांगतो, कारण मूळ तिथेच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. सिग्नलला पोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ अंतर काढतं. प्रकाशाच्या वेगाने एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात, म्हणजे दहा मीटरच्या चुकीला सेकंदाच्या तीन कोटीव्या भागाएवढी गडबड पुरते. उंच इमारतींमध्ये सरळ येणारा सिग्नल अडतो आणि काचेवर आपटून आलेला पोचतो. तो लांबून आलाय हे घड्याळाला कळत नाही.

नवीन घड्याळांत दोन फ्रिक्वेन्सी वापरतात. जुन्या एल-१ सिग्नलच्या कोडचा एक तुकडा जवळपास ३०० मीटर लांबीचा, तर एल-५ चा ३० मीटरच्याही आतला. तुकडा आखूड असला की आपटून आलेला सिग्नल मूळ सिग्नलपासून वेगळा काढणं सोपं जातं. फरक खरंच दिसतो, पण बॅटरी लवकर संपते. म्हणून बऱ्याच घड्याळांत ही सोय सेटिंगमध्ये आत कुठेतरी बंद पडून असते. तुमचं तपासून पाहा.

आणखी एक. जागा चुकणं आणि अंतर चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोकळ्या आकाशाखाली सगळी रेघ चार मीटर डावीकडे सरकली तरी लांबी बरोबर येते. रेघ नागमोडी झाली की लांबी वाढते. तुमचं तेच झालंय.

लांब पल्ला
मला ही तक्रारच पटत नाही. २ मे २००० पर्यंत नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभर मीटरपर्यंतची. आम्ही नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायचो. आज मनगटावर एवढंसं यंत्र आहे, त्याचा अँटेना प्रत्येक पावलाला पुढेमागे हलतो, अर्धं आकाश आपल्याच शरीराने झाकलेलं असतं, आणि तरीही ते शंभरात एक-दीड इतकंच चुकतं. सरावाला एवढं पुष्कळ झालं. रोज तेच घड्याळ, तोच रस्ता, म्हणजे चूकही साधारण तीच. मागच्या महिन्यापेक्षा सुधारणा झाली की नाही, एवढं कळलं की काम भागतं.

पोहणारी
लांब पल्ला, तुमचा रस्ता तोच राहतो म्हणून तुमचं भागतं. मी उघड्या पाण्यात पोहते. पाण्याच्या अगदी पातळ थराखालीही हा सिग्नल पोचत नाही. हात वर आला की घड्याळाला क्षणभर आकाश दिसतं, लगेच पुन्हा अंधार. तेवढ्यात त्याने जागा शोधायची आणि मधली रेघ अंदाजाने जोडायची. मी घड्याळ टोपीच्या आत, डोक्याच्या मागे ठेवायला लागले तेव्हा कुठे रेघ सरळ आली. पण मग घड्याळ बघता येत नाही. किनारा किती लांब आहे हे पाण्यात असताना कळणं ही माझी सोय नाही, गरज आहे. म्हणून पाऊलवाट यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. खात्री नसेल तर तसं सांगा.

पाऊलवाट
हेच म्हणतेय मी. हातात धरायच्या जुन्या रिसीव्हरवर ‘अचूकता इतके मीटर’ असं स्पष्ट लिहून यायचं. हिशोब आत होतच असतो. आकडा फिका करा, दशांश काढून टाका, काहीही करा, पण इमारतींमध्ये शिरल्यावर मला कळू द्या की आता या पेसवर विसंबू नकोस.

रेडिओवेडा
इथे मात्र मी तुमच्या विरोधात आहे. तो अचूकतेचा आकडाही अंदाजच असतो. आपटून आलेला सिग्नल जोरकस असला तर रिसीव्हरला वाटतं सगळं उत्तम चाललंय. म्हणजे नेमकं जिथे सावध करायला हवं तिथेच तो ‘तीन मीटर’ म्हणून निश्चिंत करेल. त्या आकड्यावर तुम्ही पेसपेक्षा जास्त विश्वास ठेवाल, आणि ते अधिक वाईट.

पाऊलवाट
हा मुद्दा बिनतोड आहे, यावर विचार करायला हवा. पण मग दुसरा दशांश तरी कुठल्या आधारावर दाखवायचा? ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये मोजून २५ फेऱ्या मारल्या, म्हणजे १० किलोमीटर. साध्या धावण्याच्या मोडमध्ये घड्याळाने १०.३४ सांगितले. तिथे तर वर मोकळं आकाश होतं.

मोजपट्टी
सतत वळण असलं की घड्याळाला रेघ नेमकी धरता येत नाही. ट्रॅक मोड असेल तर तो लावा आणि लेनचा क्रमांक नीट भरा, कारण आठव्या लेनची फेरी ४५३ मीटरच्या आसपास असते.

शर्यतीसाठी मात्र माझा एकच आग्रह आहे. ऑटो लॅप, म्हणजे दर किलोमीटरला घड्याळ आपोआप वेळ नोंदवतं ती सोय, बंद करा आणि किलोमीटरची पाटी दिसली की स्वतः बटण दाबा. मग स्क्रीनवर फक्त लॅपची वेळ बघायची, ५:४१ च्या आत की बाहेर. वेळ मोजण्यात घड्याळ चुकत नाही.

लांब पल्ला
अगदी हेच. पेसचा रकाना स्क्रीनवरून काढूनच टाका.

पाऊलवाट
पुढच्या शर्यतीत करून बघते. दशांशाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण सहासष्ट सेकंद आधी भरून काढायचे आहेत. एक शंका आहे. गर्दीत एखादी पाटी दिसलीच नाही तर?

मोजपट्टी
पुढच्या पाटीला दाबा आणि दोनने भागा. ११:२२ च्या आत असलात तर बरोबर चाललंय.