मदत हवी आहे: घरच्या डीव्हीडीत ५.१ आवाज, पण टाळ्या वूफरमधून गडगडतायत

मंडळी, 'आता डीव्हीडी कोण करतं, पेनड्राइव्ह द्या' हे घरातल्या सगळ्यांचं सांगून झालंय, तेवढं सोडून बोला. आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्यात आत्या गायली. एकूण १३० मिनिटं. आजी कोथरूडला काकांकडे असते, तिथे जुनं होम थिएटर आहे आणि तिला त्याच रिमोटची सवय आहे. म्हणून डीव्हीडी.

तीन ऑडिओ ट्रॅक हवेत. पहिला ५.१ (पाच स्पीकर आणि खालच्या आवाजाचा एक वूफर), एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात, ४४८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). दुसरा साधा स्टिरिओ, पीसीएम म्हणजे न दाबलेला. तिसरा आजीचा: व्हिडिओ बघत ती बोलली ('तो पिवळ्या शर्टातला आमच्या पेरूवरून पडला होता, तेव्हापासून शांत झाला') आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ५.१ साठी दर चॅनेलची एक अशा सहा मोनो फाइल्स वेगळ्या केल्या, एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमने एसी-३ बनवली, डीव्हीडी बनवायच्या डीव्हीडीस्टायलरमध्ये सगळं जोडलं.

आमच्या टीव्हीवर चाललं. गळा जरा उजवीकडे वाटला, पण सोडून दिलं. काकांकडे लावलं तर आत्या चक्क उजव्या स्पीकरातून गातेय, डग्ग्याची घुमक मागून उजवीकडून येतेय, आणि टाळ्या पडल्या की वूफर असा गडगडतो की काका म्हणाले, 'वरच्यांनी पलंग हलवला का?' शिवाय आजीचं बोलणं शेवटी शेवटी चित्राच्या मागे पडतं, आणि चित्रही धुरकट आहे. तापकीर गल्लीतून आणलेल्या चार डिस्क वाया गेल्या. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
सहा फाइल्स कुठल्या क्रमाने दिल्यात? डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, वूफर असाच ना? तो सिनेमावाल्यांचा क्रम. एफएफएमपेगला वेव्ह (डब्ल्यूएव्ही) फाइलींचा लागतो: डावा, उजवा, मधला, वूफर, मागचा डावा, मागचा उजवा. म्हणून मधला गळा उजवीकडे गेला आणि मागच्या डाव्या टाळ्या वूफरच्या खात्यात. वूफर फक्त खालचा आवाज वाजवतो, मग टाळ्यांचं गडगडाटाशिवाय काय होणार! तुमच्या टीव्हीवर ५.१ चं स्टिरिओ होताना वूफरचा चॅनेल बहुधा गळतो, म्हणून घरी कळलं नाही.

चित्राचं कारण तो पीसीएम ट्रॅक. १५३६ केबीपीएस एकटा खातो. ४.७ जीबीत १३० मिनिटं म्हणजे सगळं मिळून साधारण ४.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), त्यातले दोनच्या वर आवाजालाच गेले. दुसरा आणि तिसरा ट्रॅक १९२ च्या एसी-३ त करा, चित्राला पावणेचारच्या आसपास मिळेल. डीव्हीडी आठ ट्रॅक घेते, पण जागा काही वाढवून देत नाही.

आजीचं बोलणं हळूहळू मागे पडत जातं, की एका ठिकाणी एकदम? हळूहळू असेल तर मोबाइलच्या घड्याळाचा फरक, फाइल किंचित आखडायची. रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट ४४.१ असेल तर ४८ किलोहर्ट्झवर नीट बदलून घ्या, डीव्हीडीला ४८ लागतं. एकदम असेल तर मध्ये काहीतरी घडलंय. आणि डिस्क जाळणं थांबवा हो, एक आरडब्ल्यू (पुसून परत वापरता येणारी डिस्क) आणा. आधी सहा चॅनेलांत स्वतःच्या आवाजात त्या त्या चॅनेलचं नाव बोला, मग काकांकडे ऐका.

धागाकर्ता:
मान्य, अगदी तोच क्रम दिला होता. आजीचं कोडंही सुटलं. एके ठिकाणी ती पाणी प्यायला थांबली, मी व्हिडिओ पॉज केला, मोबाइल चालूच ठेवला. तेवढा तुकडा काढला, शेवटपर्यंत जमलं.

तरी खात्रीसाठी आधी जुन्याच क्रमाने नावांची आरडब्ल्यू केली आणि काल काकांकडे लावली. 'मधला' उजवीकडून आला, 'मागचा डावा' म्हणताना नुसतं घुमलं, आणि मागच्या उजव्या स्पीकरातून माझाच आवाज स्वच्छ म्हणाला, 'वूफर'.